चाळीस शब्दांत ऊसतोड: एका लॉगलाइनचं प्रकरण

पटकथा लिहून झाली होती. दोन तासांचा सिनेमा, संवादांसकट. लेखिका मराठवाड्यातली, एकांकिका करत करत इथवर आलेली, आणि ऊसतोडीची माहिती तिने फडात आणि कोप्यांमध्ये, म्हणजे तोड मजुरांच्या झोपड्यांमध्ये, बसून गोळा केलेली. अडलं ते अर्जाच्या पहिल्याच रकान्यावर. एका पटकथा लॅबच्या, म्हणजे पटकथांवर काम करून घेणाऱ्या कार्यशाळेच्या, अर्जात लॉगलाइन मागितली होती, जास्तीत जास्त 40 शब्द. बाकीचा अर्ज भरून झाल्यावर जे वाक्य सुचलं ते तिने तिथे लिहिलं आणि आमच्या वाचनगटाकडे पाठवलं. पटकथा नाही, फक्त ते वाक्य.

आधीच सांगतो, हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. पटकथा वाचताना आणि लेखनाच्या गटांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका लेखिकेच्या आणि एका पटकथेच्या रूपात जुळवून मांडलं आहे. ऊसतोडीबद्दल जे येईल ते मात्र खरं आहे.

लॉगलाइन ज्यांना नवी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सिनेमात कोण आहे, त्याच्यावर काय येऊन पडतं आणि तो त्यावर काय करतो, हे एका-दोन वाक्यांत सांगायचं. शेवट त्यात सांगत नाहीत, तो सारांशात येतो. एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बझार 2007 पासून गोव्यात भरतो. तिथे काय किंवा मुंबईतल्या एखाद्या निर्मितीसंस्थेत काय, वाचणाऱ्याच्या हातात आधी हे वाक्य पडतं आणि पान उलटायचं की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

पहिला खर्डा

तिने लिहिलं होतं:

«ग्रामीण महाराष्ट्रातील ऊसतोड महिलांच्या शोषणाचे भीषण वास्तव मांडणारी, एका आईच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी.»

यात खोटं काही नाही. पण 'ऊसतोड' हा शब्द काढून त्या जागी 'वीटभट्टी' घाला, 'विडी कामगार' घाला, 'कापूस वेचणाऱ्या' घाला. वाक्य जागचं हलत नाही. म्हणजे त्या पटकथेचं स्वतःचं असं या वाक्यात फक्त धंद्याचं नाव आहे. 'संघर्ष' कोणाशी, कशासाठी, ते नाही. 'आई' आहे, पण तिला मुलं आहेत यापलीकडे तिच्याबद्दल काही कळत नाही, आणि ती मुलं पुढे पटकथेत निर्णायक ठरतात असंही नाही. 'हृदयस्पर्शी' हे तर वाचणाऱ्याने म्हणायचं. 'भीषण वास्तव' या जोडीचाही आता वर्तमानपत्रांनी इतका वापर केला आहे की ती वाचून कोणाला भीती वाटत नाही.

मराठीत असं लिहिण्याची सवय आपल्याला कुठून लागते हे उघड आहे. नाटकाच्या जाहिराती, पुस्तकांची मलपृष्ठं, चित्रपटाच्या मुहूर्ताच्या बातम्या. तिथे वाक्याचं काम वातावरण तयार करण्याचं असतं. तीच भाषा लॉगलाइनमध्ये उतरली की अभिप्राय आधी येतो आणि गोष्ट मागे राहते.

पण गटात कोणी तिच्या विशेषणांवर फुली मारत बसलं असतं तर काही साधलं नसतं, कारण त्यामागे एक खरं कारण होतं. ते तिने फोनवर सांगितलं: "एकीची गोष्ट म्हटली की प्रश्न लहान होतो हो. हजारो बायकांचं आहे हे." हे कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. त्यात तिशीच्या आतबाहेरच्या बायकाही होत्या. एवढा आकडा डोक्यात घेऊन लिहायला बसलेल्या माणसाला 'एक बाई' अपुरी वाटणारच.

तिला एवढंच विचारलं, की तेरा हजारांपैकी प्रत्येकीच्या घरात एक संध्याकाळ अशी झाली असेल की 'काढून टाकू' असं कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं. तुझ्या पटकथेत ते कोण म्हणतं? उत्तर तिच्याकडे होतं, पण ते यायला वेळ लागला. मध्ये दुसरा खर्डा आला.

जेव्हा-तेव्हा

«जेव्हा एका ऊसतोड कामगार महिलेला गर्भाशय काढण्यास भाग पाडले जाते, तेव्हा तिला भ्रष्ट डॉक्टर आणि क्रूर मुकादमाविरुद्ध लढावेच लागते, अन्यथा ती सर्वस्व गमावेल.»

हा साचा ओळखीचा आहे. पटकथेच्या इंग्रजी पुस्तकांतून आणि व्हिडिओंमधून तो येतो: घटना, नायक, ध्येय, विरोधक, न जमल्यास होणारं नुकसान. साचा म्हणून त्यात वाईट काही नाही, विचार करायला तो उपयोगी पडतो. पण मराठीत तो जसाच्या तसा उतरवला की 'जेव्हा… तेव्हा… अन्यथा' असं शासकीय परिपत्रक तयार होतं. मराठीला हे जोडकाम 'झाल्यावर', 'होताना', 'म्हणून', 'तरी' अशा लहान गोष्टींनी करता येतं आणि वाक्य बोलल्यासारखं राहतं.

भाषेपेक्षा मोठी अडचण दुसरी होती. हे वाक्य एका वेगळ्याच सिनेमाचं आश्वासन देत होतं. गटातल्या तिघांना विचारलं, तुम्हाला काय दिसलं? एकाला न्यायालय दिसलं. एकाला पत्रकार आणि छुपा कॅमेरा. एकीला शेवटी कोयता उगारलेली बाई. आणि पटकथेत? डॉक्टर जेमतेम दोन प्रसंगांत आहे आणि तो नीट बोलतो. न्यायालय नाही, पत्रकार नाही. कोयता फक्त उसावर चालतो.

खऱ्या अर्थाने खर्डा मोडला तो गटातल्या बीडकडच्या मुलाने. त्याचे आईवडील तोडीला जायचे. तो म्हणाला, "ताई, मुकादम काय मुंबईहून येतो का? आपल्याच वाडीतला असतो. काल-परवापर्यंत त्यानंही मोळ्या वाहिलेल्या असतात."

मग त्याने गटाला हिशोब समजावून सांगितला, आणि तो इथे द्यायलाच हवा, कारण पुढची प्रत्येक सुधारणा याच हिशोबातून निघाली. हंगामाच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवून नेणारा कंत्राटदार, जोडप्याला उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस एकटा असेल तर अर्धा कोयता. मग ऊस जितके टन तुटेल तितकी मजुरी उचलीतून फिटत जाते. ज्या दिवशी कामावर गेलं नाही तो खाडा, आणि खाड्याचा दंड कापला जातो. मुकादमाने हे पैसे स्वतः करार करून वरून आणलेले असतात. उचल घेतलेली जोडपी आलीच नाहीत, किंवा कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी निघून गेली, तर ते पैसे त्याच्या अंगावर येतात. त्यामुळे टोळीतल्या एका बाईचं दुखणं हे तिच्या एकटीचं राहत नाही. ते सगळ्यांच्या वहीत उतरतं.

"आणि भाग कोण पाडतं?" तो पुढे म्हणाला. "डॉक्टर म्हणतो पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल. बाई घरी येऊन स्वतःच म्हणते, जाऊ दे, काढून टाकू. महिन्याची कटकट नको आन् खाडा नको."

म्हणजे 'भाग पाडले जाते' हा कर्मणी प्रयोग व्याकरणात बरोबर आणि गोष्टीत चूक. त्याने कोणीतरी अदृश्य माणूस बळजबरी करतोय असं वाटतं. या विषयातली भयंकर गोष्ट नेमकी उलटी आहे: हिशोब असा लावून ठेवलेला असतो की बाईला ते स्वतःहून शहाणपणाचं वाटावं. लॉगलाइनमध्ये कर्मणी प्रयोग दिसला की मी हल्ली थांबतोच. 'तिला सोडावं लागतं', 'तो खेचला जातो', 'त्यांना वेगळं केलं जातं' अशा वाक्यांत कर्ता कोण हे लेखकाने स्वतःपासूनही लपवलेलं असतं, असं पुष्कळदा निघतं.

'अन्यथा ती सर्वस्व गमावेल' याबद्दल फार बोलावं लागलं नाही. सर्वस्व म्हणजे काय, असं विचारल्यावर तीच हसली.

निर्णय कोणाचा

आता पटकथा मागवली आणि वाचली.

नायिका म्हणून तिने उभी केली होती ती धाकटी जाऊ. चोविशीची, दोन मुलं, सततचा रक्तस्राव, अंगावरून जाणं, उपाशीपोटी पहाटे फडात उतरणं. तिच्यावर सगळं होतं. ती फार काही करत नाही. तिच्या बाजूला एक मोठी जाऊ आहे, पस्तिशीतली, जिची पिशवी चार वर्षांपूर्वी काढली आहे. हिचा नवरा यंदाच मुकादम झाला आहे. मध्यंतरानंतर बऱ्याच पुढे एक प्रसंग आहे: मोठी जाऊ उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधता बांधता धाकटीला म्हणते, "मला बघ, काय झालं का? सुटले मी." आणि पुढच्याच प्रसंगात ती एकटी, उसाच्या आड, कंबर धरून खाली बसलेली. अंगातून वाफा निघाल्यासारख्या. रात्र रात्र झोप नाही. दुपारनंतर तिच्याने मोळी उचलत नाही आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ती मोळ्या बांधायचं काम मागून घेते.

(वैद्यकीय बाजूने हे बरोबर आहे. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी कायमची जाण्याचे सगळे परिणाम एकदम आणि अकाली सुरू होतात: अंगाची लाही, झोपमोड, हाडं ठिसूळ होणं. लेखिकेने ते 'कमजोरी' या एका शब्दात न गुंडाळता हातापायांतून दाखवलं होतं. पटकथेतली ही सगळ्यात चांगली पानं.)

गटाने तिला हे दोन प्रसंग दाखवून विचारलं: या सिनेमात काही करायचं की नाही हे ठरवायची वेळ कोणावर येते?

ती बराच वेळ धाकटीच्या बाजूने बोलत राहिली. ते साहजिक होतं. ज्याच्यावर अन्याय होतो तो नायक, हे आपल्याकडे जवळजवळ गृहीत असतं, विशेषतः सामाजिक विषयावर लिहिताना. पण नाट्य तिथे नव्हतं. धाकटीला दुखतंय आणि तिला दुखणं थांबायला हवंय, तिच्यापुढे दोन वाटा नाहीत. मोठीपुढे आहेत. खरं सांगितलं तर धाकटी ऑपरेशन करणार नाही, खाडे वाढतील, तिचं बघून आणखी दोन जोडपी कुरकुरतील, नवऱ्याचं पहिलंच वर्ष बुडेल आणि उचल घरावर येईल. खोटं सांगितलं तर घर वाचेल, आणि आपल्याबरोबर जे झालं ते आपणच दुसरीबरोबर केलेलं असेल. शिवाय हे खोटं सांगू शकणारी गावात ती एकटीच आहे. डॉक्टरचं धाकटी ऐकेल न ऐकेल, जावेचं नक्की ऐकेल.

थरारपटात संकट बाहेरून दारावर धडकतं, त्यामुळे त्याची लॉगलाइन त्या धडकेवर उभी राहू शकते. नाट्यपटात संकट बहुतेक वेळा नात्याच्या आतच असतं. म्हणून तिथे दोन माणसं लागतात आणि त्यांच्यात असं काहीतरी लागतं जे तुटू शकेल. पहिल्या दोन खर्ड्यांत माणूस एकच होता, बाकी सगळी 'व्यवस्था'.

सापडते, उलगडतं, सुरू होतो

तिसरा खर्डा आठवड्याने आला आणि वाचताना गटात सगळे सावरून बसले:

«गर्भाशय काढलेली मुकादमाची पत्नी, टोळीचे खाडे वाढू लागल्यावर, आजारी धाकट्या जावेलाही त्याच डॉक्टरकडे न्यायचे की नवऱ्याची उचल बुडू द्यायची, या पेचात सापडते.»

माणसं दोन, नातं आहे, पैसा आहे, वेळेचा दाब आहे. तरी वाक्य शेवटाला येऊन बसकण मारतं. कारण 'पेचात सापडते' ही कृती नाही. पेच आहे हे वाचणाऱ्याला आधीच्या शब्दांतूनच कळलेलं असतं. तोच पुन्हा सांगून वाक्य संपवलं की पुढे ती काय करते हा सगळा सिनेमा बाहेर राहतो.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून लॉगलाइनचा सगळा भार त्या शेवटच्या शब्दावर पडतो. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं आणि शेवट दुसऱ्या कशाने करता येतो. आपल्याकडे शेवटचा शब्द पोकळ असेल तर आधीचे तीस शब्दही फुकट जातात. आणि नेमक्या याच जागी आपले पेटंट शब्द बसतात: पेचात सापडते, वादळ येतं, सत्य उलगडतं, प्रवास सुरू होतो, आयुष्याला कलाटणी मिळते. अर्ज वाचताना मी कधी कधी नुसते शेवटचे शब्द वाचत जातो. अन्याय असेल, पण त्यातून बरंच कळतं.

तिला सांगितलं, 'पेचात सापडते' खोड आणि तिथे असं क्रियापद लिही जे अभिनेत्री कॅमेऱ्यापुढे करून दाखवू शकेल. लपवते, नेते, सांगते, थोपवते, विकते, पळते. काहीही.

या टप्प्यावर गटातल्या एका हुशार मित्राने तिच्यासाठी अख्खी लॉगलाइन लिहूनच पाठवली. त्यात मोठी जाऊ शेवटी डॉक्टरला अद्दल घडवते. वाक्य चटपटीत होतं, कदाचित तिच्या वाक्यापेक्षा चांगलं. पण तो त्याचा सिनेमा होता. लॉगलाइनवर अभिप्राय देताना हा मोह फार होतो, कारण वाक्य लहान असतं आणि 'मी असं केलं असतं' म्हणायला पाच मिनिटं पुरतात. त्याने लेखिकेचे दोन दिवस गेले. ती त्याच्या वाक्याला पटकथा जुळवायला लागली होती. त्यानंतर गटात ठरलं की वाक्य ऐकून कोणता सिनेमा दिसला ते सांगायचं, काय कळलं नाही ते विचारायचं, पण पर्यायी वाक्य द्यायचं नाही. निदान लेखकाने मागेपर्यंत तरी नाही.

चोरीची भीती

मोठ्या जावेचं लपवणं लॉगलाइनमध्ये घालायला ती तयार नव्हती. "हीच तर गोष्ट आहे. ही सांगितली तर उद्या कोणीही करेल."

ही भीती मराठी लेखकांमध्ये घरोघर आहे आणि ती निराधार नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असलेलं बरं. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये स्पष्ट केलं की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यावर कॉपीराइट नसतो. तो असतो कल्पनेच्या मांडणीवर, ती ज्या रूपात व्यक्त झाली त्यावर. त्या खटल्यात आपल्या नाटकावरून चित्रपट केला असं म्हणणारा नाटककार हरला. म्हणजे लॉगलाइन जवळ ठेवली काय आणि पाठवली काय, चाळीस शब्दांतल्या कल्पनेला तसं संरक्षण नाहीच. संरक्षण आहे ते लिहून झालेल्या पटकथेला. ती आधी मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवायची, कोणाला काय कधी पाठवलं याचे ईमेल जपून ठेवायचे, आणि मग लॉगलाइनमध्ये हात आखडता घ्यायचा नाही. गोष्टीची सगळ्यात जोरकस बाजू लपवून पाठवलेल्या लॉगलाइनची चोरी होत नाही हे खरं, पण मग ती कोणी मागवतही नाही.

तिने पटकथा नोंदवली आणि चौथा खर्डा लिहिला.

चौथा, आणि त्यावरचं भांडण

«ऊस तोडणाऱ्या एका बाईचा नवरा यंदाच मुकादम झालाय, टोळीची उचल त्यांच्या घरावर आहे आणि एकेक खाडा महाग पडतोय. पाळीच्या त्रासाने बेजार झालेल्या धाकट्या जावेला ती पिशवी काढून टाकायला राजी करू लागते, त्याच ऑपरेशनने आपली काय गत झाली हे लपवून.»

पहिली गोष्ट, ती बोलू लागली होती. 'गर्भाशय' जाऊन 'पिशवी' आली, 'महिला' जाऊन 'बाई' आली. घरात, फडात हेच शब्द असतात. दुसरी गोष्ट, क्रियापदानंतर तिने 'लपवून' टाकलं. लिहिताना आपण असं सहसा करत नाही, पण बोलताना मर्माची गोष्ट अशीच मागाहून टाकतो: "गेला तो, न सांगता." त्यामुळे वाक्य संपलं असं वाटतं तिथे ते डंख मारतं. तिसरी, मुकादमाला 'क्रूर' म्हणावं लागलं नाही. 'उचल' आणि 'खाडा' या दोन शब्दांत जेवढी व्यवस्था मावते तेवढी विशेषणांत मावली नसती. हे शब्द माहीत नसलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकाचं काय, असा प्रश्न आला. 'महाग पडतोय' एवढ्यावरून त्याला दिशा कळते, असं आमचं मत पडलं. नेमका अर्थ सारांशात येईल.

एक वाक्य हवं की दोन, यावर अर्धा तास गेला. माझ्या मते हा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे. मराठीत दोन लहान वाक्यं एका लांबलचक वाक्यापेक्षा बरी.

भांडण झालं ते वेगळ्याच मुद्द्यावर. गटातल्या एका कार्यकर्तीने हे वाचून सरळ हरकत घेतली: "म्हणजे आता दोष बाईचाच? बाईच बाईची वैरीण? डॉक्टर, कारखाना, सरकार सगळे सुटले, आणि पडद्यावर एक ऊसतोड बाई दुसरीला फसवताना दिसणार."

या हरकतीचं उत्तर 'पटकथा वाचा, त्यात सगळं आहे' असं देता येत नाही, कारण लॉगलाइन एकटी फिरते. ती ज्याच्यावर दोष टाकेल त्याच्यावरच वाचणाऱ्याची नजर आधी जाईल. लेखिकेने यावर मला वाटतं योग्य ते केलं. तिने बाईचं खोटं काढलं नाही, पण आधीच्या वाक्यातल्या हिशोबाला हात लावू दिला नाही. शब्दमर्यादेसाठी मी 'टोळीची उचल त्यांच्या घरावर आहे' हा तुकडा छाटायला सुचवत होतो. ती म्हणाली, तो गेला तर ती नुसती दुष्ट बाई उरते. बरोबर होतं. तो तुकडा होता म्हणूनच खोटं बोलणारी बाईसुद्धा सापळ्यात आहे हे दिसत होतं. कार्यकर्तीचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि तिने ते तसं सांगितलं. तिचं म्हणणं असं की डॉक्टरचा निदान एक शब्द तरी हवा. हा मतभेद मिटला नाही. सारांशाच्या पहिल्या परिच्छेदात डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती आली, एवढंच झालं.

उलट बाजूने व्यवसायातल्या एका ओळखीच्याने म्हटलं, "नायिका आवडणार नाही लोकांना." हे ऐकायला मिळणारच. नाट्यपटात नायिका आवडण्यापेक्षा तिच्या जागी आपण काय केलं असतं हे न सुचणं जास्त उपयोगी, असं माझं मत. त्याला ते पटलं की नाही, ठाऊक नाही.

चहानंतरची चाचणी

चौथा खर्डा गटाबाहेरच्या तिघांना एकदाच वाचून दाखवला, कागद न देता. मध्ये चहा, इकडच्या तिकडच्या गप्पा. मग त्यांना म्हटलं, आता ही गोष्ट तिसऱ्याला सांगा.

काय गळतं ते बघण्यासारखं असतं. 'यंदाच' हा शब्द तिघांच्याही सांगण्यातून गळला, पण नवरा नवा मुकादम आहे हे दोघांनी आपल्या शब्दांत सांगितलं, म्हणजे अर्थ पोचला होता. 'टोळी' गळली. 'बेजार' गळलं. जावा-जावांचं नातं, ऑपरेशन आणि लपवणं कोणाचंच सुटलं नाही. तिसऱ्या खर्ड्याची अशीच चाचणी घेतली होती तेव्हा ऐकणाऱ्याने सांगितलं होतं, "ते मुकादमाच्या बायकोचं काहीतरी. डॉक्टरबिक्टर."

शब्दमर्यादेबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. 40 शब्दांची मर्यादा इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घातलेली असते. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, 'जावेला', 'त्रासाने', 'तोडणाऱ्या', म्हणून तेवढ्याच शब्दांत आपलं जास्त मावतं. ती सवलत घ्यावी. मात्र अर्ज अक्षरं मोजत असेल तर उलटं होतं, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलंत सगळं सुटं मोजतो. 'कोयत्याची' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा, पण यंत्राच्या हिशोबी नऊ चिन्हांचा. अर्ज भरण्याआधी मर्यादा शब्दांची की चिन्हांची एवढं बघून घ्यावं.

एक क्रियापद

उरला होता एकच शब्द. 'राजी करू लागते' की 'राजी करते'?

चाचणीतल्या एकीने विचारलं होतं, "मग धाकटी हो म्हणते का?" लेखिकेच्या पटकथेत याचं उत्तर अगदी शेवटी होतं, आणि तेही धूसर: दोघी जावा एसटीत बसतात, गाडी सुटते, समाप्त. 'करू लागते' या शब्दाने ती धूसरता राखली होती. सिनेमा राजी करण्याच्या प्रयत्नांचा होता, आणि तसे प्रयत्न पटकथेत एका मागून एक, थोडेफार सारखेच, येत होते. उत्तरार्ध रेंगाळतो अशी तक्रार आधी वाचणाऱ्या दोघांनी केलेली होती. का रेंगाळतो हे मात्र कोणाला सांगता आलं नव्हतं.

'राजी करते' लिहिलं की गणित बदलतं. धाकटी मध्यंतराच्या आधी हो म्हणते. ऑपरेशन होतं. ती आठवड्याभरात परत फडात उतरते, कारण उतरावंच लागतं. आणि मोठी आता रोज तिच्या शेजारी ऊस तोडते, तिच्यात एकेक लक्षण उमटताना बघत, ते लक्षण काय आहे हे ठाऊक असलेली टोळीतली एकटीच. धाकटीला कधी कळतं, कोणाकडून कळतं, कळल्यावर ती त्याच कोपीत कशी राहते, हा सगळा उत्तरार्ध त्या एका शब्दामुळे लिहायचा राहिला होता हे दिसलं.

तिने 'लागते' खोडलं. अडतीस शब्द झाले. ती लॉगलाइन अर्जात गेली, पण पटकथा त्या मुदतीला गेली नाही. पुढच्या फेरीसाठी ठेवली, कारण अर्जातलं वाक्य आणि सोबतची पानं आता एकाच सिनेमाची राहिली नव्हती. एसटीचा प्रसंग उचलून तिने मध्यंतराच्या आधी नेला आहे, आणि पट्टा पडल्यावर टोळी गावाकडे परतते तो प्रवास शेवटासाठी लिहायला घेतला आहे.